‘शक्ती’चा अखेरचा संच

आमचे आयुष्य गेले ते कामगारांच्या सभांत, गिरण्यांच्या फाटकांवर आणि मागांच्या खडखडाटात. शाळा लवकर सुटली. तेव्हा संगीतावर बोलण्याचा तुमचा अधिकार कोणता, असे कोणी पुसल्यास उत्तर एवढेच की आम्ही ऐकतो. शिवाय मैंदर्गीत ज्याचे बालपण गेले, त्याला दोन तऱ्हांचे गाणे आपोआपच कानी पडते. भजनाच्या एकाच बैठकीत कानडी वचन व्हावे आणि पाठोपाठ मराठी अभंग. टाळ तेच, पखवाजी तोच. दोन संगीते एका सतरंजीवर कशी नांदतात हा प्रश्न म्हणूनच आम्हांस पुस्तकी वाटत नाही.

३० जून २०२३ रोजी ‘शक्ती’ या मेळाचा ‘धिस मोमेंट’ हा ध्वनिमुद्रित संच प्रसिद्ध झाला. झाकीर हुसेन यांच्या हयातीत या मेळाने ध्वनिशाळेत मुद्रित केलेला हा अखेरचा संच. त्याची हकीकत मात्र अर्धशतकामागे जाते.

जॉन मॅक्‌लॉफ्लिन हा इंग्रज गिटारवादक. १९७१ साली त्याने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभा केला. विजेची गिटार, दणदणीत ड्रम, कर्णे असे ते रॉक संगीत होते, पण लयीची गणिते अशी अवघड की ऐकणाऱ्याने बोटे मोजीत बसावे. १९७४ साली तर त्याने लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचा सगळा ताफा जोडीला घेतला. आणि एवढा पसारा मांडल्यावर हा गृहस्थ मांडी घालून खाली बसला! सोबत तबल्यावर माहीमचे झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल्. शंकर, घटमवर विनायकराम. हातातली गिटारही निराळी करून घेतलेली: पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेले, म्हणजे तार दाबून मींड काढता यावी, आणि आडव्या बसविलेल्या सात तारा, झंकारासाठी. १९७६-७७ या दोन वर्षांत तीन तबकड्या निघाल्या. ‘महाविष्णू’इतका खप त्यांस लाभला नाही, आणि १९७८ च्या सुमारास मेळ थांबला.

आता आमच्या धंद्याची खोड पाहा. मेळात कोणाचे स्थान काय, हे आम्ही आधी तपासतो. हिंदुस्थानी मैफलीत गवयाने गावे आणि तबलजीने ठेका धरून बसावे, ही जुनी रीत. जुन्या तबकड्यांवर बहुधा तबलजीचे नावही छापीत नसत. कर्नाटकी कचेरीत घटमाची पायरी आणखी खालची, मृदंगानंतरची. त्यास उपपक्कवाद्य असेच म्हणतात. कुंभाराने घडविलेला मातीचा घडा तो! आमच्याच पाहण्यातली गोष्ट: एका उत्सवात गवयाला बिदागी हाती मिळाली आणि तबलजीला तिसऱ्या खेपेस, तीही दहावा हिस्सा नव्हे. आम्ही त्याच्यातर्फे भांडावयास गेलो, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, “साथीला कसला आलाय दर?” ‘शक्ती’त तबला आणि घटम् साथीला नव्हते, बरोबरीने बोलत होते. याची वाट झाकीर यांचे वडील अल्लारखा यांनी रविशंकरांसोबत आधीच पाडली होती, हे विसरता कामा नये.

दुसरी भिंत उत्तर आणि दक्षिण यांमधली. ती आमच्या भागात तरी कधी फार उंच नव्हती. मिरजेचे अब्दुल करीम खाँ म्हैसूरच्या दरबारी जात. त्यांनी त्यागराजांची कृती मुद्रित केलेली आहे आणि १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासातच त्यांचे देहावसान झाले. आज आपण सहज गुणगुणतो तो हंसध्वनीही दक्षिणेकडूनच आलेला.

१९९७ नंतर मेळ पुन्हा जमला. विजेच्या मँडोलिनवर यू. श्रीनिवास आले, घटम्‌वादकाचे चिरंजीव सेल्वगणेश खंजिरा घेऊन आले, चेंबूरला वाढलेले, श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले शंकर महादेवन गाऊ लागले. २०१४ साली यू. श्रीनिवास अकाली गेले. नव्या संचातल्या एका रचनेस त्यांचेच नाव दिले आहे. व्हायोलिन गणेश राजगोपालन यांचे. १९७७ नंतर ध्वनिशाळेतला हा पहिलाच संच, शेहेचाळीस वर्षांनी!

यातला बराचसा भाग वादकांनी आपापल्या ठिकाणी वाजवून मागाहून जुळविला. आम्हांस हे प्रथम खटकले. समोरासमोर बसल्याशिवाय करार होत नाही, हा आमचा अनुभव. काही ठिकाणी घोटीवपणा अधिक वाटतो, जुन्या तबकड्यांतली धग कमी. परंतु बोलांची देवघेव सुरू झाली की ही शंका उरत नाही. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी या संचास ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्को येथे वारले. वय अवघे त्र्याहत्तर.

मघाशी सांगितलेल्या तबलजीला आम्ही हा संच मोबाइलवर ऐकविला. म्हातारा डोळे मिटून मांडीवर बोटे चालवीत होता. संपल्यावर म्हणाला, “यात साथीला कोण होते?” आम्ही पाचही नावे सांगितली. तो म्हणाला, “पुन्हा लाव.”