आमचा वसंत आणि शाळेच्या दारातले आईबाप

मराठी साहित्यात वसंत येतो तो आंब्याच्या मोहोरावरून आणि कोकिळेच्या गळ्यातून. आमच्या वस्तीत तो नळावरच्या भांडणातून येत असे. महाशिवरात्रीची अंबरनाथच्या शिवमंदिराची जत्रा पांगली, होळीची राख थंड झाली की उन्हे तापू लागत. वालधुनीचे पाणी आटे आणि उरलेल्या पाण्याला कारखान्यांचा वास येई. हंड्यांच्या रांगा लांबत. नेमक्या त्याच दिवसांत शाळेची वार्षिक परीक्षा तोंडावर येई. मग ११ एप्रिलला जोतीरावांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची, मागोमाग लग्नसराई, आणि १ मेला निकाल. आमच्या वर्षाचा सारा हिशेब या दोन-अडीच महिन्यांत व्हायचा. कोण पुढच्या वर्गात जाणार, कोण कामाला लागणार आणि कोणाला बोहल्यावर उभे करणार, हे सारे वसंतातच ठरत असे.

या वसंताचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. शिक्षणाचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते त्यात संस्थापक असतात, देणगीदार असतात, शासनाचे ठराव असतात. मुलाचा हात धरून शाळेच्या दारात उभा राहिलेला अडाणी बाप आणि डोईवर हंडा घेऊन शाळेत शिरलेली आई त्यात नसते. असलीच तर एका वाक्यापुरती असते: पालक उदासीन आहेत! तीसेक वर्षे शिक्षकी केल्यानंतर मला हे वाक्य तपासून पाहावेसे वाटते.

आधी आमची ही तीन गावे. कल्याणजवळची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. सैनिकांच्या बराकींत माणसांनी संसार मांडले. आजही लोक पत्ता सांगतात तो कॅम्पच्या नंबरावरून. अंबरनाथला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिवालय आहे. त्याच गावात विसाव्या शतकात काडेपेटीचा कारखाना आला, दारूगोळ्याचा आला, पुढे औद्योगिक वसाहत आली. पलीकडचे बदलापूर तेव्हा भातशेतीचे, जांभळांचे, आदिवासी पाड्यांच्या शेजारचे गाव होते. या तिन्ही गावांत आमची माणसे आली ती कामाच्या मागे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली जी कुटुंबे उठवली त्यांत आमचेही होते. मी तेव्हा दुसरीत होतो. बा अंबरनाथच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला आणि माय चार घरची धुणीभांडी करू लागली.

आमची शाळा लहान होती. पत्र्याखालच्या चार खोल्या, दोन गुरुजी, एक बाई. उन्हाळा लागला की पत्रा तापे आणि पिंप कोरडे पडे. पाणी नाही म्हणून दुपारी शाळा सोडून द्यावी लागे. आणि दुपारी सुटलेले पोर परत येत नसे. ते भंगार वेचायला जाई. एका फाल्गुनात माय आणि वस्तीतल्या सात-आठ बायकांनी आपसांत ठरवले की पहाटेच्या पाळीत प्रत्येकीने एक हंडा घरचा आणि एक शाळेचा भरायचा. कुणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. परीक्षा संपेपर्यंत पिंप भरलेले राहिले. त्या बायकांपैकी एकीलाही आपले नाव लिहिता येत नव्हते. गुरुजी एकदा मायला म्हणाले, “बाई, तुम्ही होता म्हणून शाळा चालली.” माय म्हणाली, “गुर्जी, गावाकडं आमाला पानी वरून वाढायचे. हितं आमी भरलेलं पानी समदी पोरं पितात. मग भरू नाय तर काय करू?”

त्या उत्तरामागे किती मोठा इतिहास उभा होता हे मला पुष्कळ पुढे कळले. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या मुलाचे नाव दाखल झाले, त्याला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपाई हजर नसला तर तहानलेले राहावे लागे. २० मार्च १९२७ ला तोच मुलगा महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतो. तोही वसंतच होता. शाळेतले पिंप आणि महाडचे तळे या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. मायने महाड पाहिले नव्हते, पण महाडचा अर्थ तिला ठाऊक होता.

आता ‘उदासीन पालकां’कडे वळू. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाच्या वतीने प्रवेशाचा अर्ज झाला. मुंबई सरकारने तो मान्य केला नाही. एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा निकामी होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारी शाळा सर्वांना खुल्या आहेत असे वरून सांगितले गेले ते १८५८ साली, आणि ते प्रत्यक्षात यायला पिढ्या लागल्या. मला विचारायचे आहे ते एवढेच: त्या अर्जामागे जे कुणी उभे होते ते उदासीन होते काय? त्याआधी वर्षभर, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिला शाळेत पाठवणारे कुणीतरी घर होतेच. त्या घराने पुण्यात १८५५ साली काय सोसले असेल याची नोंद कोणत्याही अहवालात नाही.

जोतीरावांना मात्र त्या घराची अडचण कळत होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. खालच्या थरांतल्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, शिक्षक त्या थरांतून तयार करावेत, असेही त्यांनी मांडले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्यांनी पालकाला दंड लावला हे सगळे सांगतात. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व शाळांची दारे उघडली, हे त्याच दमात सांगितले पाहिजे. दार बंद ठेवून पालकाला दोष देणे वेगळे आणि दार उघडून त्याला जाब विचारणे वेगळे.

आणि पालकांचा इतिहास लिहायचाच असेल तर त्याचे पहिले पान सुभेदार रामजींचे आहे. परळच्या चाळीत एका खोलीत सारे बिऱ्हाड. मुलाला आधी निजवून रात्री दोनला अभ्यासासाठी उठवायचे. पुस्तकासाठी पैसे नसतील तर लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, तिचा दागिना मागून गहाण टाकायचा आणि मुलाच्या हाती पुस्तक ठेवायचे. बाबासाहेबांच्या चरित्रातला हा प्रसंग आपण सभांतून नेहमी सांगतो. परंतु त्या दागिन्याकडे पाहत नाही. भावाच्या पुस्तकासाठी जिचा दागिना गेला तिला कोणते पुस्तक मिळाले होते?

हा प्रश्न मी दुसऱ्याच्या घराला विचारत नाही. माझी अक्का सातवीत होती. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. १९७६ च्या चैत्रात, परीक्षा आठ दिवसांवर असताना, गावाकडून स्थळ आले. लग्नसराईतच उरकले म्हणजे पावसाआधी मोकळे, असा हिशेब झाला. गुरुजी घरी आले, म्हणाले, “पोरीला परीक्षेला तरी बसू द्या.” बा खाली मान घालून बसला. माय म्हणाली, “गुर्जी, दोन पोरं शिकवायची ऐपत न्हाई. एक शिकंल.” ते एक म्हणजे मी. मुलीच्या लग्नाचे वय तेव्हाही कायद्याने पंधरा होते, पुढे १९७८ साली ते अठरा झाले. अक्का तेरा वर्षांची होती. ज्या मायने वस्तीच्या पोरांसाठी पिंप भरले, तिनेच आपल्या पोरीचे दप्तर खुंटीला टांगले. ते दप्तर पुढे मी वापरले.

मी मायला दोष देऊन मोकळा होऊ शकत नाही, आणि गरिबीला दोष देऊनही होऊ शकत नाही. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कहून वडिलांच्या स्नेह्याला लिहितात ते आईबापच मुलांच्या आयुष्याला वळण देऊ शकतात म्हणून, आणि मुलांबरोबर मुलींच्याही शिक्षणाचा आग्रह धरतात. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी हेच सांगितले. नागपुरात जाईबाई चौधरींनी १९२० च्या दशकातच मुलींसाठी शाळा काढली होती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ साली आले तेव्हा अशा कितीतरी बायांची नावे आम्हाला प्रथम कळली. म्हणजे विचार होता, उदाहरण होते. तरी चैत्र आला की आमच्याच घरांतून मुलगी शाळेबाहेर पडत होती. व्यवस्थेने बंद केलेल्या दाराबद्दल आपण विद्रोहाने लिहिले, ते योग्यच केले. आपण आतून लावलेल्या कडीबद्दलही तेवढ्याच रोखठोकपणे लिहिले पाहिजे.

अक्काच्या लग्नानंतरच्या वर्षी जयंतीच्या वर्गणीची बैठक झाली. बँड कुठला आणायचा यावर तरुणांत चर्चा चालू होती. बा कधी बैठकीत बोलत नसे. त्या दिवशी उठून तो म्हणाला, “मिरवणूक काढा. पण वर्गणीतले निम्मे पैसे वह्यांना ठेवा, आन् पयल्या वह्या सातवीच्या पोरींना द्या.” भांडण झाले. बाबासाहेबांच्या जयंतीत काटकसर कसली, असे काहींनी विचारले. त्यांचेही खोटे नव्हते. ज्या समाजाला गावात वाजतगाजत जायची बंदी होती त्याला बँडचे मोल असते. शेवटी बँड एकच आला आणि उरलेल्या पैशांच्या वह्या आल्या. त्या वर्षी सातवीला बसलेल्या आमच्या वस्तीतल्या पाच मुलींपैकी दोघी पुढे मॅट्रिक झाल्या. बाच्या पश्चात्तापाची किंमत एवढी होती. अक्काला तिचा उपयोग नव्हता.

मी शिक्षक झालो तेव्हा वसंताचे आणखी एक रूप पाहिले. बदलापूरकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन येत आणि पाऊस तोंडावर आला की परतत. म्हणजे परीक्षेच्या दिवसांत मूल गावच्या शाळेत नसे, भट्टीवर असे. पटावर नाव, वर्गात जागा रिकामी. ठाणे जिल्ह्यात १९९० च्या दशकात विधायक संसदेने भट्टीवरच्या झोपडीत, भोंग्यात, शाळा भरवल्या, त्यांना भोंगाशाळा असेच नाव पडले. शाळा मुलाकडे गेली तेव्हा तेच ‘उदासीन’ आईबाप विटा थापता थापता पोराला हाक मारून सांगू लागले, जा, शाळा भरली. उदासीनता माणसात होती की वेळापत्रकात?

आज कायद्याने पालकाला जागा दिली आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तोही वसंतातच. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात स्थान हवे, असे तो सांगतो. मायच्या हंड्याला हे मिळालेले उशिराचे नाव आहे, असे मी मानतो. परंतु विनाअनुदानित खाजगी शाळांना ही समिती लागू नाही, आणि आमच्या या तिन्ही शहरांत मजुराचे मूलसुद्धा आता पुष्कळदा तिथेच जाते. तिथे पालक हा फी भरणारा गिऱ्हाईक. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात एका शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले, आणि आपले म्हणणे ऐकले जावे म्हणून लोकांना २० ऑगस्टला रेल्वेच्या रुळांवर तासन् तास बसावे लागले. शाळाशाळांत पालकांचा समावेश असलेल्या सखी सावित्री समित्या नेमा, असा शासनाचा आदेश मार्च २०२२ चाच होता. समिती कागदावर राहते तेव्हा पालकाला रूळ गाठावा लागतो.

त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला राज्य शासनाने नियम बदलला. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागांतून सूट मिळू लागली. पालक आणि संघटना न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. न्याय मिळाला. पण प्रवेशाचा वसंत उलटून आषाढ लागला होता. गरिबाच्या मुलाचे वर्ष फार लवकर वाया जाते.

म्हणून शिक्षक-कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. आपल्या भागातल्या शाळेची समिती कोण चालवते ते पाहा. तिच्या सभेला आया येतात की त्यांच्या अंगठ्यापुरता कागद घरी जातो, ते विचारा. सभा त्यांच्या कामाच्या वेळेनंतर लावा. ज्या शाळेत समिती नाही तिथे वस्तीने स्वतःची उभी करावी. मायला कायद्याने सांगितले नव्हते. आणि फाल्गुन लागला की सातवी ते दहावीच्या प्रत्येक मुलीच्या घरी एकदा जाऊन यावे. पिंप आणि दप्तर, दोन्ही पाहून यावे.

अक्का आता सत्तरीकडे झुकली आहे. गेल्या जयंतीला तिची नात सातवीचा पेपर देऊन घरी आली. अक्काने प्रश्नपत्रिका मागून घेतली, चष्मा लावला आणि गणिते सोडवत बसली. पाच सुटली. सहाव्यापाशी थांबून ती मला म्हणाली, “हे आपल्याला शिकवायचं राहिलं होतं का रे?”

शिकवले होते. तिच्या लग्नाच्या आठवड्यात.