लालबागेत पायी पायी

बंगळूरला गेलो की एक सकाळ लालबागेत पायी काढायची, हा माझा जुना नेम. मेट्रोचे लालबाग स्थानक आता पश्चिम दाराजवळच आले आहे. आत शिरले की रहदारीचा गोंगाट मागे पडतो. २४० एकरांची बाग, घाई करणाऱ्याने जाऊच नये!

हैदरअलीने १७६० मध्ये ही बाग घालायला घेतली, तेव्हा ती सुमारे ४० एकर होती. हैदरला लिहिता-वाचता येत नव्हते. पण सिऱ्याची मोगली बाग त्याच्या डोळ्यांत भरली होती, तिचाच नमुना त्याने इथे उतरवला. टिपूने बाग वाढवली, देशोदेशीची रोपे आणवली. १७८८ मध्ये टिपूचे वकील सोळाव्या लुईच्या दरबारी इंग्रजांविरुद्ध मदत मागायला गेले, हे आपण वाचलेले असते. त्यांनी तिथे बी-बियाणे आणि माळीही मागितले होते, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू शहीद झाला. पुढच्याच वर्षी कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस बुकानन ही बाग पाहून गेला. त्याला दिसले ते असे : चौकोनी वाफे, मधून वाटा, वाटांच्या कडेने सरूची झाडे. एका चौकात नुसते गुलाब, दुसऱ्यात नुसती डाळिंबे. दर जातीच्या झाडाला वेगळी जमीन द्यायची ही मुसलमानांची रीत, अशी नोंदही त्याने केली. सूरह रहमानमध्ये जन्नतच्या बागेत डाळिंब आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

ते चौक आज शोधत फिरलो तर मिळत नाहीत. १८५६ मध्ये ही सरकारी वनस्पती-बाग झाली आणि तिचे रूप विलायती होत गेले. काचघर १८८९ चे, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवरचे. ते कॅमेरॉनसाहेबाच्या कारकिर्दीत उभे राहिले. बंगळूरकर आवडीने खातात ती सीमे-बदनेकाई, म्हणजे चौचौ, त्यानेच इथे रुजवली. परक्याने लावले म्हणून कोणी ती भाजी टाकली नाही, हे बरेच झाले. पुढे तो प्रचंड खडक लागतो. वय सुमारे तीनशे कोटी वर्षे. माथ्यावर केम्पेगौडाचा बुरूज. चढताना दम लागतो, पण वरून निम्मे शहर दिसते.

टिपू जयंती कर्नाटक सरकारने २०१५ मध्ये सुरू केली, २०१९ मध्ये बंद केली. दोन्ही वेळा भांडण झाले ते तलवारीवरून. आपणही काही वेगळे केले नाही. आपल्या जलशांच्या पोस्टरवर वाघ असतो, तलवार असते, डाळिंबाचे झाड कधी पाहिले आहे? आणि दर १५ ऑगस्टच्या सुमारास याच काचघरात पुष्पप्रदर्शन भरते. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे शहर लेकराबाळांसह रांग लावते. बाग कोणी घातली, हे त्या रांगेत कोणी कोणाला विचारत नाही.