तांबें, गंधक आणि एक चपळ वायु

तांब्याच्या तुकड्यांवर विरल नत्राम्ल ओतलें म्हणजे एक रंगहीन वायु निघतो व हवा लागतांच तपकिरी होतो, हा प्रयोग आपणांपैकीं पुष्कळांनीं शाळेंत पाहिला असेल. हाच नायट्रिक ऑक्साइड. १७७२ सालीं जोसेफ प्रीस्टले या इंग्रज धर्मोपदेशकानें त्याचा अभ्यास केला. पुढें दोन शतकें त्याची गणना उपद्रवी वायूंतच होत असे. परंतु रक्तवाहिन्यांचें अस्तर हाच वायु निर्माण करून त्यांना सैल करतें, हें १९८७ च्या सुमारास सिद्ध झालें. त्या संशोधनास १९९८ चें नोबेल पारितोषिक लाभलें.

रक्तांत मोकळा सुटलेला हा वायु क्षणभरही टिकत नाहीं. मात्र ग्लुटाथायोनसारख्या रेणूंतील गंधकाशीं तो जोडला गेला, म्हणजे पुष्कळ वेळ राहतो. या जोडसंयुगांना नायट्रोसोथायॉल म्हणतात. पण किती वेळ? येथें रसायनशास्त्रज्ञांची पंचाईत झाली. एकाच पदार्थाविषयीं निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आंकडे जुळेनात.

१९९३ सालीं डरॅमचे लिन विल्यम्स, सेंट अँड्र्यूजचे अँथनी बटलर व त्यांचे सहकारी यांनीं गुन्हेगार पकडला: तांबें! तें कोणी मुद्दाम घातलें नव्हतें. ऊर्ध्वपातित पाण्यांत तांब्याचा जो लेश असे, तेवढाही पुरे होई. धातूंना जखडून ठेवणारें ई.डी.टी.ए. घातलें कीं क्रिया जवळजवळ थांबे. (शुद्ध पाण्याचा केवढा आपला भरंवसा!)

तरी तांबें करतें काय? मोरचुदांतील तांब्याचे दोन इलेक्ट्रॉन गेलेले असतात. तें स्वतः कांहीं करीत नाहीं. द्रावांतील थोडें मोकळें थायॉल त्याला एक इलेक्ट्रॉन परत देतें. मग हें एकच इलेक्ट्रॉन उणें असलेलें तांबें तो नायट्रोसोथायॉलला देऊन टाकतें, वायु सुटतो, आणि तांबें पूर्ववत् होऊन पुन्हां कामाला सिद्ध! म्हणून तर लेशमात्र पुरतो. पुरावा १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. निओक्युप्रॉइन हें द्रव्य याच दुसऱ्या रूपाला धरून ठेवतें. तें घालतांच क्रिया थांबली आणि वर्णपटांत त्या रूपाची खूण उमटली.

कृत्रिम नळ्यांना रक्त लागलें म्हणजे रक्तबिंबिका चिकटून गुठळी धरते. नायट्रिक ऑक्साइड त्यांना आवरतो. म्हणून २००३ सालीं मिशिगन विद्यापीठांत मार्क मायरहॉफ यांनीं तांब्याचें संयुग प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांत बसवून पाहिलें. नायट्रोसोथायॉलचा द्राव लागतांच त्याच्या पृष्ठभागावर वायु निर्माण होऊं लागला.