किरायाची पावती

इतवारीतील ज्या जागेवर आमच्या घराण्याने ४६ वर्षे किराया भरला, त्याच जागेवर मला किरायाने घर मिळाले नाही. जुना वाडा पडला, तिथे चार मजली इमारत उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा गाळा रिकामा असल्याचे कळले म्हणून मी फोन केला. माझी शाळा तिथून चालत दहा मिनिटांवर. फोनवर बोलणे छान झाले. "ताई, तुमची मराठी फार शुद्ध आहे हो," असेही घरमालक म्हणाले. मग त्यांनी नाव विचारले. मी सांगितले. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. "आमचं काही नाही हो मॅडम, पण बिल्डिंगमधले बाकीचे लोक..." एवढे बोलून त्यांनी वाक्य अर्धेच सोडले. ते पूर्ण करण्याची गरज त्यांनाही वाटली नाही, मलाही नाही.

त्या रात्री अब्बांनी पत्र्याची पेटी उघडली. तीत दादांच्या वेळेपासूनच्या किरायाच्या पावत्या आहेत. पहिली १९५७ सालची, अकरा रुपयांची. शेवटची २००३ सालची, पंचेचाळीस रुपयांची. मी उर्दू शाळेत इतिहास शिकवते. मुलांना नेहमी सांगते की इतिहास फक्त किल्ल्यांत आणि तहांत नसतो, घरातल्या कागदांतही असतो. या वेळी ते स्वतःलाच सांगण्याची पाळी आली. मधल्या काळात असे काय बदलले, की आजोबाला मिळालेली जागा नातीला मिळू नये?

आपल्या नागपूरकडे घराच्या भाड्याला सहसा किरायाच म्हणतात, आणि भाडेकरूला किरायेदार. हा शब्द मुळात अरबी. फारसी-उर्दूतून तो इथल्या मराठीत आला आणि इतका रुजला की तो बाहेरून आला होता हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. या शहराचेही तसेच आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा लहान खेडी जोडून नागपूर वसवले, असे मानले जाते. त्याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला होता. पुढे भोसल्यांनी इथे राजधानी केली आणि पेठा वाढल्या. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावेच बाजाराच्या दिवसांची आहेत. बाजाराला आलेला माणूस रात्री कुठेतरी राहणारच. आज रात्रीपुरता राहिला तो उद्या महिन्याच्या बोलीवर राहिला. कोष्टी आले, हलबा आले, मारवाडी आले, बोहरी व्यापारी आले. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडचे मोमिन विणकर आपले माग घेऊन नागपूर-कामठीकडे आले. मोमिनपुऱ्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले. १८६१ मध्ये नागपूर मध्यप्रांताची राजधानी झाले, १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कारकून, गँगमन, गिरणी कामगार सगळे परक्या छपराखाली राहणारे. गावाच्या मधल्या वस्त्या किरायेदारांच्या जिवावरच गजबजल्या, असे म्हटले तर चूक होणार नाही.

छपराला मागणी वाढली की किराया वाढतो आणि किरायेदार रस्त्यावर येतो. पहिल्या महायुद्धात हे जगभर झाले. १९१५ मध्ये ग्लासगो शहरातल्या बायकांनी वाढीव भाडे न देण्याचा संप केला, तेव्हा ब्रिटिश सरकारला भाडे गोठवण्याचा कायदा करावा लागला. मुंबईत तसा कायदा १९१८ मध्ये आला. आपल्याकडे दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ चा कायदा झाला आणि त्याच्या आधारे मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश निघाला. नागपूरच्या किरायेदाराचे नशीब पुढची पन्नास वर्षे या आदेशाने लिहिले.

या आदेशातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, घर रिकामे झाले की मालकाने ते जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. जिल्हाधिकारी ते घर सरकारी नोकराला, फाळणीत विस्थापित झालेल्याला किंवा दुसऱ्या घरातून निघावे लागलेल्याला द्यायला सांगू शकत होता. म्हणजे घर मालकाचे, पण त्यात कोण राहील हे काही वेळा सरकार ठरवी. तिथे मालकाच्या आवडीनिवडीला जागा नव्हती. दुसरी, रेंट कंट्रोलरच्या लेखी परवानगीशिवाय किरायेदाराला घर सोडण्याची नोटीसच देता येत नसे. परवानगी मिळाली तरी पुढे दिवाणी दावा वेगळा. एकदा आत आलेल्या माणसाला बाहेर काढणे सोपे नव्हते.

दादा एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, मध्यप्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरने राजधानीचा मान गमावला. दादा सांगत की त्या हिवाळ्यात बाबू लोकांचे बिऱ्हाड रोज स्टेशनकडे जाताना दिसे. वाड्यातल्या एका बाबूच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. मालकाला वेळेवर किराया देणारा माणूस हवा होता, गिरणीचा पगार वेळेवर होत असे, व्यवहार जुळला. मालकांनी नाव विचारले नसेल असे नाही; विचारलेच असेल. पण एकदाच. मुनीमजींनी पहिल्या पावतीवर दादांच्या नावातले एक अक्षर चुकवले. ती चूक शेवटच्या पावतीपर्यंत तशीच राहिली. मालकाला ती खटकली नाही आणि दादांनाही ती सुधारून घ्यावीशी वाटली नाही.

तो वाडा म्हणजे स्वर्ग होता, असे मी म्हणणार नाही. मटण शिजवायचे तर खिडकी लावून घ्यायची, असा अलिखित करार होता. नळावर भांडणे होत. पण रमजानमध्ये नळाची पहिली पाळी दादींची, हेही ठरलेले होते, आणि ते मालकीणबाईंनी ठरवले होते. सत्तरच्या दशकात मालकांनी मुलाच्या लग्नासाठी खोल्या परत मिळाव्यात म्हणून रेंट कंट्रोलरकडे अर्ज केला. मालकाचे त्याच शहरात दुसरे स्वतःचे राहते घर नसावे, ही अट आड आली आणि अर्ज नामंजूर झाला. खटला चालू असताना तारखेला दोघे एकाच सायकलरिक्षातून कचेरीत जात. जातानाचे पैसे मालक देत, येतानाचे दादा. अब्बा हे हसत सांगतात, पण मला त्यात कायद्याचे मोठेपण दिसते. भांडण खोल्यांचे होते आणि ते कागदावर लढले गेले. त्यात कोणाची जात-जमात आली नाही.

१९९२ च्या डिसेंबरात शहरात कर्फ्यू लागला तेव्हा मालकीणबाईंनी वाड्याच्या दिंडीला आतून अडसर घातला आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. मोमिनपुऱ्यातले नातेवाईक निरोप पाठवत होते, "आपल्या माणसांत या." दादी गेल्या नाहीत. आम्ही इथले जुने किरायेदार आहोत, एवढेच त्यांचे उत्तर. त्या हिमतीमागे शेजारधर्म होता, हे खरेच. पण १९४९ चा कागदही होता. ज्याला पुढल्या महिन्यात निघावे लागण्याची भीती नसते, तोच माणूस शेजारी होऊ शकतो.

पण मालकाची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. पंचेचाळीस रुपये किरायात वाड्याची कौलेसुद्धा फिरवून होत नव्हती. मागची भिंत खचली तरी दुरुस्ती कोणी करायची, यावर वर्षे गेली. मुंबईच्या कायद्यातले गोठवलेले भाडे काळानुसार न्याय्य राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ च्या डिसेंबरात म्हटले. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मुंबईचा, मराठवाड्याचा आणि आपल्या विदर्भाचा असे तिन्ही जुने कायदे गेले. जुन्या किरायेदाराला संरक्षण राहिले, मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. आमच्या वाड्याचा तोवर काही इलाज उरला नव्हता. २००३ मध्ये मालकांच्या मुलांनी समजुतीने काही रक्कम दिली, अब्बांनी खोल्या सोडल्या आणि जाफरनगरात लहानसे घर बांधले.

नव्या कायद्याने जुन्या किरायेदाराला सांभाळले. नव्याने घर शोधणाऱ्याच्या वाट्याला मात्र दुसराच कागद आला. त्याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. यात आपण किरायेदार नसतो, परवानगीने राहणारे असतो. मुदत संपली की मालक जागा परत मागू शकतो; कारण सांगावे लागत नाही. मुदत बहुधा अकरा महिन्यांची. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, या १९०८ च्या नोंदणी कायद्यातल्या नियमातून ही रीत पडली. खरे तर १९९९ च्या कायद्याप्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी करून नोंदवलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवला नसेल तर वादात किरायेदार सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण "नोंदणीची काय गरज" म्हणणारे घरमालक आपल्याच मोहल्ल्यात पुष्कळ आहेत.

मालकाला भीतीतून सोडवणे हा या कागदाचा हेतू, आणि तो काही वाईट नाही. पण त्याचा एक परिणाम कोणी मोजला नाही. दादांना नाव एकदाच सांगावे लागले. मला ते दर अकरा महिन्यांनी सांगावे लागते. दर वेळी नवा एजंट, नवा फोन, पुन्हा तीच शांतता. शहरात काही घडले की ती शांतता अधिक लांबते. १७ मार्च २०२५ च्या रात्री महाल आणि हंसापुरी भागात हिंसाचार झाला, अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी केलेले फोन फार लवकर संपत. जुना किरायेदार अशा वेळी दिंडी लावून आत राहू शकत होता. नव्याला मुळात दिंडीच्या आत येता येत नाही.

राज्यघटनेचे पंधरावे कलम दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव यांची दारे सर्वांना उघडते. खाजगी घराच्या दाराबद्दल ते काही बोलत नाही. मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर घेणे किंवा किरायाने मिळवणे अवघड जाते आणि ते एकाच मोहल्ल्यात कोंडले जातात, ही तक्रार सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंदलेली आहे. नोंद झाली, त्यापुढे दार हलले नाही.

पण ही अडचण केवळ आपलीच आहे असे समजणे हा इतिहासाचा अपमान होईल. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांना त्यांनी आसरा विचारला, दोघांनीही टाळले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. याच बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आमच्या नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी बडोद्यात एखाद्या मुसलमान घरमालकाने त्यांना दार उघडले असते काय? हा प्रश्न मी वर्गात विचारते. मुले पटकन "हो" म्हणतात. मी गप्प राहते.

कारण उत्तर मी घरीच पाहिले आहे. जाफरनगरच्या आमच्या घरावर अब्बांनी एक खोली चढवली आहे. गेल्या वर्षी ब्रह्मपुरीकडची एक नर्स ती पाहायला आली. एकटी, रात्रपाळी करणारी, बौद्ध. खोली तिला आवडली. अब्बांनी आडनाव विचारले आणि ऐकून थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. ती शांतता मला ओळखीची होती. तिलाही असावी, कारण तिने पर्स खांद्याला लावली. संध्याकाळी शेजारचे दोघे येऊन सांगून गेले, "अपनेवालों को दो, झंझट नको." मोहल्ल्यात बिरादरी विचारली जाते, एकटी बाई आहे का ते विचारले जाते, आणि दुसऱ्या दारावर हेच विचारले की आपल्याला राग येतो.

मी अब्बांसमोर १९५७ ची पावती ठेवली. ते बराच वेळ त्या चुकलेल्या अक्षराकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला बोलावले आणि दोनच गोष्टी विचारल्या: पगार किती तारखेला होतो, आणि सकाळी नळाला पाणी येते तेव्हा ती घरी असेल का.

करार आम्ही रीतसर नोंदवला. आधार कार्डावरून तिचे नाव एकही अक्षर न चुकता उतरले. मुदत अकरा महिन्यांची आहे, तो कागद बदलणे आमच्या हातात नाही. पण मुदत संपल्यावर तिला आडनाव पुन्हा आठवण्याची वेळ आणायची नाही, एवढे मी अब्बांकडून कबूल करून घेतले आहे.