पावणेपाच मैलांचा प्रश्न

स्त्रियांच्या धावण्याचा इतिहास म्हटला की एक छायाचित्र हटकून समोर येते. १९६७ ची बॉस्टन मॅरेथॉन, छातीवर २६१ हा क्रमांक लावलेली कॅथरिन स्वित्झर आणि तिला मार्गातून खेचू पाहणारा संतप्त अधिकारी. छायाचित्र बोलके आहे, त्यामुळे इतिहासही तेथूनच सुरू होतो असा समज रूढ झाला. आमच्या मते या कथेचे मूळ त्याहून सहा वर्षे मागे, आणि बेचाळीस किलोमीटरांच्या मानाने किरकोळ वाटणाऱ्या एका अंतरात शोधावे लागते.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मँचेस्टर नावाचे गाव आहे. तेथे १९२७ पासून ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाला सकाळी रस्त्यावरची शर्यत होत आली आहे. मधली दहाएक वर्षे ती खंडित होती; १९४५ पासून पुन्हा भरू लागली. अंतर पावणेपाच मैल, म्हणजे साडेसात किलोमीटरांहून थोडे अधिक. मेन स्ट्रीटवरून निघायचे, हायलँड स्ट्रीटचा चढ चढायचा, वळसा घालून पुन्हा मेन स्ट्रीटवर यायचे. दुपारच्या भोजनापूर्वी सारे आटोपते. या घरगुती शर्यतीत १९६० साली ज्युलिया चेस नावाची तरुणी धावायला आली, तेव्हा तिला परत पाठवण्यात आले.

कारण नियमातच होते. ‘अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन’ या संस्थेच्या लेखी स्त्रियांना रस्त्यावरच्या शर्यतीत स्थान नव्हते. ट्रॅकवरही अर्धा मैल ही त्यांची शीव. ही शीव आखली कोणी, हे पाहण्यासाठी १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिककडे जावे लागते. तेथे स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. जर्मनीच्या लीना राडकेने २ मिनिटे १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, जपानची किनुए हितोमी दुसरी आली. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. परंतु वृत्तपत्रांत छापून आले ते निराळेच: अकरा जणी धावल्या, पाच जणींनी अर्ध्यात सोडले, बाकीच्या कोसळल्या! शर्यतीअंती धावपटूने हिरवळीवर अंग टाकणे यात नवल ते काय? पुरुषही टाकतात, त्याला पराक्रमाची शिकस्त म्हणतात. स्त्रियांनी टाकले तेव्हा त्याला निसर्गाचा इशारा मानले गेले. मग वैद्यकाची साक्ष आली, मातृत्वाची काळजी आली आणि ती शर्यत १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत रद्द झाली.

मधल्या काळात ऑलिंपिकमध्ये स्त्रीने जास्तीत जास्त २०० मीटर धावायचे होते. १९५२ साली हेलसिंकीला गेलेल्या आपल्या मेरी डिसूझा १०० आणि २०० मीटर धावल्या. त्याहून लांबची शर्यत त्यांच्यासाठी तेथे नव्हतीच. हे ध्यानात घेतल्याखेरीज त्या पिढीतील भारतीय स्त्रियांच्या धावण्याचे मूल्यमापन करणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

असो. २३ नोव्हेंबर १९६१ रोजी ज्युलिया पुन्हा मँचेस्टरला आली. एकोणीस वर्षांची, स्मिथ कॉलेजची विद्यार्थिनी, अंगात कॉलेजचा घागरेवजा व्यायामाचा पोशाख. आणखी दोघी स्त्रियाही त्या दिवशी धावल्या. ज्युलियाने ३३ मिनिटे ४० सेकंदांत अंतर कापले आणि दहा पुरुषांना मागे टाकले.

दहा ही संख्या मोठी नाही. पण येथे प्रश्न वेगाचा नव्हताच. स्त्रीचे शरीर अर्ध्या मैलापलीकडे टिकत नाही, हे विधान खोटे पाडायला मॅरेथॉनची आवश्यकता नव्हती. पावणेपाच मैल पुरेसे होते. अडवणाऱ्यांनाही ते कळले असावे, कारण त्यानंतर तिच्यापुढे निवड ठेवण्यात आली ती रस्ता की ट्रॅक अशी. रस्त्याचा हट्ट धरला तर निलंबनाची टांगती तलवार होती. दरवाजा किलकिला झाला, एवढेच. १९६६ साली बॉस्टनला बॉबी गिब धावली तीही झुडपाआडून शर्यतीत शिरून.

पुढे ३ जून १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये केवळ स्त्रियांची सहा मैलांची शर्यत झाली. ७८ जणी धावल्या. प्रायोजक होता स्त्रियांसाठी दाढीसारखा फेस विकणारा, आणि शर्यतीला ‘मिनी मॅरेथॉन’ हे नाव मिळाले ते तेव्हाच्या मिनीस्कर्टवरून. आपल्याकडे पाच-दहा किलोमीटरच्या कोणत्याही शर्यतीस वृत्तपत्रे सरसकट ‘मिनी मॅरेथॉन’ म्हणतात, त्यांना या शब्दाच्या फॅशनेबल पूर्वजाची कल्पना असेल असे वाटत नाही! स्वातंत्र्य हे असे बाजाराचा हात धरूनही येते, याची आमच्यातील काहींना खंत वाटते. आमच्यातील इतरांना त्या ७८ जणी अधिक महत्त्वाच्या वाटतात.

ज्युलिया चेस प्राणिशास्त्राकडे वळली, वटवाघुळांवर संशोधन केले, आणि पन्नाशी उलटल्यावर वैद्यकाची पदवी घेऊन मानसोपचारतज्ज्ञ झाली. २०११ साली, एकोणसत्तराव्या वर्षी, ती मँचेस्टरच्या त्याच रस्त्यावर पुन्हा धावली. या वेळी तिच्याबरोबर हजारो स्त्रिया होत्या.