साडेतीन शहाण्यांतील विठ्ठल सुंदर

पेशवाईच्या काळांतील मुत्सद्द्यांची गणती करतांना साडेतीन शहाण्यांचीं नांवें घेण्याचा परिपाठ महाराष्ट्रांत जुना आहे. पुण्याचा सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचा दिवाण देवाजीपंत चोरघडे व निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पुरे शहाणे, आणि नाना फडणीस अर्धा. नानाची मसलत लेखणीनें चाले, तलवार त्यास साधली नाहीं, म्हणून त्याच्या वांट्यास अर्धेंच शहाणपण आलें, असा खुलासा करतात. गंमत अशी कीं, या अर्ध्या शहाण्याविषयीं जितकें लिहिलें गेलें त्याच्या शतांशही विठ्ठल सुंदराविषयीं लिहिलें गेलें नाहीं. तो राक्षसभुवनास पडला, एवढ्या एका वाक्यांत त्याची बोळवण होते. परंतु पानिपतानंतर अडीच वर्षांच्या आंत ज्याच्या मसलतीनें खुद्द पुणें शत्रूच्या हातीं गेलें, त्या पुरुषाची कारकीर्द इतकी उपेक्षणीय खास नव्हती.

विठ्ठल सुंदर हा देशस्थ ब्राह्मण, आडनांव परशरामी. निजामाच्या दरबारीं मराठी ब्राह्मण दिवाणपदास चढावा याचें आज नवल वाटेल, त्या काळीं तें वाटत नसे. निजामाच्या मुलुखाचा मोठा भाग मराठी बोलणारा होता. तेथील वसुलाचे कागद आणि पुण्याशीं चालणारीं बोलणीं मराठी जाणणाऱ्या कारभाऱ्यांवांचून चालणें शक्यच नव्हतें. निजामअलीनें १७६२ सालीं आपला भाऊ सलाबतजंग यास बिदरच्या किल्ल्यांत कैद करून राज्य हातीं घेतलें, आणि विठ्ठल सुंदर यास दिवाणगिरी व ‘राजा प्रतापवंत’ हा किताब दिला.

निजामअलीचें दुखणें एकच होतें. १७६० मध्यें उदगीर येथें मराठ्यांनीं साठ लाखांचा मुलूख घेतला होता, तो परत मिळवावयाचा. पुढच्याच वर्षीं पानिपत झालें, नानासाहेब पेशवा वारला, आणि सोळा वर्षांचा माधवराव गादीवर आला. संधि उघड होती. पण तलवारीच्या बळावर पुण्यास नमविण्याचे दिवस निजामाचे राहिले नव्हते. नव्या दिवाणाची दृष्टि सैन्याकडे नव्हती. मराठी राज्यांत कोण कोणावर रुष्ट आहे, याकडे होती.

आणि रुष्ट मंडळींस तोटा नव्हता. नोव्हेंबर १७६२ मध्यें आळेगांव येथें चुलत्यापुतण्यांची लढाई होऊन माधवरावानें राज्याची हानि टाळण्यासाठीं चुलत्यापुढें मान तुकविली. सत्ता हातीं येतांच रघुनाथरावानें जुने दावे उगविण्यास आरंभ केला. मिरजेवर मोर्चे लावून गोपाळराव पटवर्धनास दुखविलें. भवानराव प्रतिनिधीचें पद काढून आपल्या तान्ह्या मुलाच्या नांवें केलें. हीं माणसें अपमान गिळून बसणारीं नव्हतीं. तीं निजामाकडे वळलीं, आणि विठ्ठल सुंदरानें त्यांस पदरीं घेतलें. मासा मात्र नागपुरास मोठा होता. जानोजी भोसले हा छत्रपतींचा नातलग म्हणवीत असे, आणि पुण्याच्या ब्राह्मण कारभाऱ्यानें सर्व राज्याचा मुखत्यार असावें ही गोष्ट त्या घराण्यास पूर्वीपासून सलत होती. सातारच्या छत्रपतींच्या नांवें कारभार जानोजीनें चालवावा आणि पेशवाई बाजूस सारावी, असें गोड स्वप्न दिवाणानें त्याच्यापुढें उभें केलें. १७६३ च्या आरंभीं जानोजी येऊन मिळाला. मराठी राज्य मराठ्यांच्याच हातून मोडण्याची इतकी व्यवस्थित जुळणी त्यापूर्वी क्वचितच झाली असेल.

त्या उन्हाळ्यांत निजामाच्या फौजा पुण्यावर आल्या. गोपिकाबाई कुटुंबासह सिंहगडास गेली. शहर लुटलें गेलें, घरें जळालीं, पर्वतीवरील मूर्ति भंगल्या. हा डाग दिवाणाच्या नांवावर राहतोच. फौज धन्याची होती असें म्हणून तो पुसतां येत नाहीं.

पुण्याच्या बाजूनें मात्र एक गोष्ट शहाणपणाची केली. चुलते-पुतणे एक झाले, आणि शहर वांचविण्यासाठीं धांवत न येतां त्यांनीं वऱ्हाडांत भोसल्यांचा व पुढें थेट हैद्राबादेपर्यंत निजामाचा मुलूख लुटून खंडण्या घेतल्या. लुटीस लूट हें उत्तर झालें. दुसरें उत्तर अधिक गुप्त होतें. जानोजीस बत्तीस लाखांचा मुलूख देऊं केला गेला. सखारामबापू रघुनाथरावाच्या गोटांतील, देवाजीपंत जानोजीच्या विश्वासांतील; हा सौदा या दोघांच्या नजरेखालून गेल्यावांचून ठरला असेल, हें संभवत नाहीं. तिसऱ्या शहाण्यास दोघांनीं पेंचांत धरलें असें म्हणावें लागतें.

विठ्ठल सुंदराच्या राजकारणाचें मर्म आणि मर्यादा येथेंच दिसते. त्याचें भांडवल दुसऱ्याच्या रागाचें होतें. गोपाळरावास मिरज हवी होती, भवानरावास प्रतिनिधिपद, जानोजीस मुलूख व मान. निजामाचें राज्य वाढावें ही यांपैकीं कोणाचीच इच्छा नव्हती. अपमान करणारा तोच तो भरून देण्यास तयार झाला, म्हणजे या माणसांस भागानगरच्या छायेंत राहण्याचें कारण उरत नसे. इतका धूर्त पुरुष ही गोष्ट ओळखीत नसेल असें नाहीं. वेळ अपुरा पडेल हें त्यास उमगलें नाहीं.

पावसाळा लागला, आणि निजामअली छावणीसाठीं औरंगाबादेकडे निघाला. वाटेंत गोदावरी आडवी होती. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा जी नदी आंखते तिच्याच दक्षिण तीरावर, गेवराई तालुक्यांत, राक्षसभुवन हें गांव आहे. शनीच्या देवस्थानामुळें तें आजही यात्रेकरूंस परिचित आहे. श्रावणांत येथील गोदावरी म्हणजे उन्हाळ्यांतील ती उथळ धार नव्हे. निजाम कांहीं फौजेसह पलीकडे उतरला; उरलेलें सैन्य व सामानसुमान घेऊन दिवाण अलीकडच्या तीरावर राहिला. जानोजी कांहीं निमित्त काढून अगोदरच दूर सरला होता.

१० ऑगस्ट १७६३ रोजीं मराठे येऊन पडले. प्रथम दिवाणाच्या फौजेनें नेट धरला. रघुनाथराव गर्दींत सांपडला आणि क्षणभर सारेंच उलटतें कीं काय असें वाटूं लागलें. तेवढ्यांत माधवराव कुमक घेऊन आला. अठरा वर्षांच्या त्या मुलानें ज्या चुलत्यापुढें नऊ महिन्यांपूर्वीं शस्त्र ठेविलें, त्यासच त्यानें त्या दिवशीं सोडविलें. विठ्ठल सुंदर लढतां लढतां पडला. त्याचें शिर कापून भाल्यावर मिरविलें. पलीकडच्या कांठावर धनी उभा होता, आणि मध्यें पाणी होतें.

बखरींची शाई पुण्याची असल्यामुळें विठ्ठल सुंदर फितुरी माजविणारा म्हणून रंगविला जातो. न्यायानें पाहतां फितुरी त्याची नव्हे. त्यानें ज्याचें अन्न खाल्लें त्याचेंच काम केलें, आणि त्याच कामांत प्राण दिला. फितूर झाले ते ज्यांनीं पेशव्यांच्या घरचें खाऊन त्याचा हात धरला ते. आणि त्यांतील बहुतेक पुढें मानानें नांदले. गोपाळरावास मिरज परत मिळाली, भवानरावास प्रतिनिधिपद. सप्टेंबरांत औरंगाबादेस तह होऊन निजामअलीनें एकंदर ब्याऐंशीं लाखांचा मुलूख पेशव्यांस दिला, म्हणजे उदगीरचे साठ लाख गेलेच, वर बावीस लाखांची भर पडली. बिदरच्या कैदेंतील सलाबतजंगही त्याच महिन्यांत मारला गेला.

जानोजीचा हिशेब मात्र लांबला. १७६६ सालीं माधवरावानें त्याच्यावर स्वारी केली, तेव्हां बत्तीस लाखांपैकीं चोवीस लाखांचा मुलूख त्यास परत करावा लागला. त्या स्वारींत पेशव्यांच्या साह्यास जी फौज आली होती, ती निजामअलीची होती.