वाढदिवसाचा केक आणि एका बाईचं पथ्य

घरी थरांचा चॉकलेट केक करायचा म्हटलं की दोन डबे हमखास निघतात: कोको आणि बेकिंग पावडर. १८२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटन कुटुंबाने कोकोतलं बरंचसं बटर दाबून काढायची पद्धत पेटंट केली. उरलेल्या पेंडीची छान पूड होऊ लागली. दुसऱ्या डब्याची गोष्ट मात्र घरगुती आहे. बर्मिंगहॅमचा औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड याच्या बायकोला यीस्ट चालत नसे. तिला पाव खाता यावा म्हणून १८४३ मध्ये त्याने बेकिंग पावडर बनवली. ओली झाली, तापली की ती वायू सोडते आणि पीठ फुगतं. म्हणजे बघा, तिच्या पथ्यासाठी केलेली पावडर आज आपल्या केकचे थर फुगवतेय!